जगदेवीअक्काचा डोह

पाण्यात उताणं पडून कान बुडवले, की जगदेवीला सगळं गाव लांब गेल्यासारखं वाटायचं. देवळावरचा भोंगा, वाळूच्या ट्रॅक्टरांची घरघर, काठावर धुणं आपटणाऱ्या बायांच्या गप्पा, हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या घरात चाललंय आणि मधे जाड भिंत आहे, असं. वर सकाळचं फिकट आभाळ, खाली गार अंधार, आणि दोन्हींच्या मधे ती, निजल्यासारखी.

बीड जिल्ह्यात, उमापूरच्या पुढं, गोदावरीच्या अगदी काठाला सावळेवाडी आहे. तिथं नदीला गोदावरी फक्त शाळेच्या नकाशात म्हणतात. एरवी ती गंगा. 'गंगेला गेलते' म्हटलं की कुठं, कशाला, असं कुणी विचारत नाही.

जगदेवी मूळची या गावची नव्हे. तिचं माहेर आष्टीकडच्या माळावरचं. लहानपणी तिनं पाणी पाहिलं ते हंड्यात, नाहीतर टँकरच्या नळीतून पडताना. किराणा दुकानवाल्या मन्मथप्पाशी लग्न होऊन ती सावळेवाडीत आली, तेव्हा एवढं पाणी एका जागी बघून तिला भोवळच आली. पाणी सारखं पुढं चाललंय आणि तरी संपत नाही, याचा तिला कित्येक दिवस उलगडा होईना. शेजारच्या बायनाबाईनं तिला हाताला धरून पाण्यात नेलं. बायनाबाई शेतकऱ्याघरची, वयानं बरीच मोठी, अंगानं थोराड. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची आणि जगदेवीच्या पाठीखाली नुसता तळवा धरायची.

"अंग सोड," म्हणायची. "गंगा माय हाय आपली. माय लेकराला टाकून देती का?"

एक दिवस तो तळवा पाठीखाली नव्हताच, आणि जगदेवीला ते बऱ्याच वेळानं कळलं.

पुढं वाळूवाल्यांनी नदीत खड्डे पाडले. वरून पाणी सपाट दिसायचं, पण पाय टाकला की तळ लागायचा नाही. शहादेव नावाच्या शेतमजुराची धाकटी लेक अशीच एका खड्ड्यात गेली. हंडा तेवढा तरंगत राहिला. त्या उन्हाळ्यात जगदेवीनं गावातल्या पोरी गोळा केल्या आणि देवळाखालच्या डोहात त्यांना पोहायला शिकवायला लागली. आधी आया हसल्या, मग एकेक करून पाठवायला लागल्या. पोरी तिला अक्का म्हणायच्या. मोठ्या होऊन, लग्न होऊन गेलेल्या पोरीसुद्धा माहेरी आल्या की अक्काच्या डोहात एकदा बुडी मारून जायच्या. तिची स्वतःची लेक वर्षाराणी मात्र कधी पाण्यात उतरली नाही. ती काठावर पुस्तक घेऊन बसायची आणि पाणी अंगावर उडालं की मागं सरकायची. आता ती बीडला खोली करून क्लासेस करत होती, स्पर्धा परीक्षेचे.

यंदा चैत्रात पाणी बरंच उतरलं होतं. धार बारीक झाली होती, डोहात मात्र गळ्याइतकं होतं. रंग जरा हिरवट, वासही जुन्या फडक्यासारखा, पण उन्हाळ्यात तो असतोच, असं सगळे म्हणायचे. त्या सकाळी जगदेवी वैष्णवीला तरंगायला शिकवत होती. वैष्णवी नववीतली, भित्री, सतत गुडघ्यावरची खपली काढणारी.

"अक्का, हात काढू नका हां."

"न्हाई काढत. तू आभाळाकडं बघ. ढग कुटं चालला तेवढं सांग."

"उमापूरकडं."

"जाऊ दे त्याला."

पोरीचं अंग सैल पडत चाललं होतं, ते तळव्याला कळत होतं. जगदेवी एक पाऊल मागं सरकली आणि पोटरीला काहीतरी लागलं. खाली वाळू उपसायच्या जुन्या होडीचा गंजका पत्रा रुतला होता. लागलं म्हणजे फार नाही. पाण्यात रक्ताची एक बारीक दोरी निघाली, लांबत गेली आणि दिसेनाशी झाली. जगदेवी त्या दोरीकडं कौतुकानं बघत राहिली. गंगेत आपलं रक्तसुद्धा किती हलकं दिसतं, असं तिच्या मनात आलं.

घरी येऊन तिनं हळद दाबली. संध्याकाळी मन्मथप्पानं गावातल्या डॉक्टरकडून धनुर्वाताचं इंजेक्शन देववलं, गोळ्या आणल्या. दोन दिवसांत पोटरी लाल झाली, मग तांबडी-जांभळी, मग चकाकायला लागली. गोळ्या बदलल्या. गेवराईच्या दवाखान्यात सलाईन लावलं, आणखी भारी गोळ्या दिल्या. ताप उतरल्यासारखा व्हायचा आणि दुपारी पुन्हा चढायचा. जखमेच्या कडेला काळी रेघ दिसायला लागली तेव्हा गेवराईचे डॉक्टर म्हणाले, "आप्पा, बीडला न्या. आजच."

बीडच्या दवाखान्यातली खोली लांबट होती. जगदेवीची खाट खिडकीशी. दुपारी रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज वर यायचे, पंखा गरगरायचा, आणि ताप चढला की तिला फरशीवर पाणी आलेलं दिसायचं. पहिल्यांदा फरशीच्या सांध्यांतून झिरपायचं, मग पातळ थर, मग घोट्याइतकं. कुणी घाबरायचं नाही. नर्स पाण्यातून चालत यायची, तिच्या पांढऱ्या चपला ओल्या व्हायच्या नाहीत. खाटा जमिनीपासून सुटायच्या आणि होड्यांसारख्या एकमेकींना हळूच टेकायच्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी जाता जाता हात हलवायची. सलाईनच्या बाटलीतून थेंब पडायचा तो डोहात पडल्यासारखा वाजायचा, आणि त्याची वर्तुळं भिंतीपर्यंत जायची.

"आई, काय बघतेस?" वर्षाराणी उशाशी बसून विचारायची.

"पाणी आलंय गं. पाय वर घी तुजे."

वर्षाराणी खरंच पाय वर घ्यायची.

पोटरीतलं सडलेलं मांस काढावं लागणार होतं. ऑपरेशनला नेताना नर्स म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. जगदेवीनं बांगड्या दिल्या, मंगळसूत्र दिलं, पण गळ्यातल्या चांदीच्या डबीवर हात घट्ट ठेवला. त्यात तिचं इष्टलिंग होतं. लहानपणी गुरुस्वामींनी बांधलेलं, तेव्हापासून अंगावेगळं न झालेलं. नर्स घुटमळली. मन्मथप्पा कपाळावरची विभूती पुसल्यासारखं करत म्हणाला, "ते न्हाई निघत, बाई. आमच्यात जीव गेला तरी निघत न्हाई." तेवढ्यात डॉक्टर आल्या. राजनंदिनी त्यांचं नाव, पस्तिशीच्या, डोळ्यांखाली झोप नसल्याच्या खुणा. त्यांनी डबी बघितली आणि ती स्वच्छ करून, कापडात गुंडाळून, जगदेवीच्या मुठीत बांधायला सांगितली. भूल चढताना जगदेवीला वाटलं, मुठीत एक गारगोटी आहे, डोहाच्या तळाची, आणि आपण ती वर आणतोय.

शुद्धीवर आली तेव्हा पाय जाड पट्टीत होता आणि खूप हलका वाटत होता. ताप मात्र तसाच. डॉक्टर दोनदा येऊन उभ्या राहिल्या, कागद बघितले आणि गेल्या. तिसऱ्या खेपेला त्या खाटेवर बसल्या आणि मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. गोल बशी, तिच्यात दुधाळ राखाडी थर, आणि थरावर बारीक पांढऱ्या चकत्या मांडलेल्या.

"मावशी, तुमच्या जखमेतले जंतू या बशीत वाढवलेत. आणि या चकत्यांना वेगवेगळी औषधं लावलीयत. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू मरतात, मोकळं गोल रिंगण दिसतं. इथं बघा."

जगदेवीनं बघितलं. शेवाळ आलेल्या तळ्यासारखी ती बशी होती आणि शेवाळ प्रत्येक चकतीला अगदी चिकटून होतं. एका कोपऱ्यातल्या चकतीभोवती मात्र थोडी जागा मोकळी होती, पाण्यात खडा टाकल्यासारखी.

"एवढं एकच चालतंय," डॉक्टर म्हणाल्या. "ते मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून सांभाळून द्यावं लागेल. पण देऊ."

"बाकीचे कावून चालत न्हाईत?" जगदेवीनं विचारलं.

डॉक्टर अंबाजोगाईच्या होत्या. 'कावून' हा घरचा शब्द ऐकून त्या जरा हसल्या, मग गंभीर झाल्या. "त्या जंतूंनी ती औषधं आधीच बघितलीयत, म्हणून. आपण गोळ्या खातो, बरं वाटलं की मधेच सोडतो. कुठं सर्दीला उगीच देतात, कुठं कोंबड्यांना खाद्यातून देतात. दवाखान्यांचं पाणी, शहरांची गटारं, सगळं शेवटी नदीत. तिथं औषध इतकं पातळ होतं की जंतू पुरते मरत नाहीत. त्यातले जे तगतात त्यांचीच पिल्लं वाढतात. आणि गंमत म्हणजे एक जंतू आपली युक्ती दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो."

जगदेवी पंख्याकडं बघत म्हणाली, "म्हंजे उथळ पाण्यात शिकले."

"काय?"

"पोरींना मी आदी घोट्याइतक्या पाण्यात बसवते. मग गुडघ्याइतक्या. मग कमरेइतक्या. एकदम डोहात टाकलं तर बुडत्याल. जरा-जरा दिलं की पाणी अंगवळणी पडतं."

डॉक्टरांनी मान हलवली. "तसंच काहीसं. फक्त तुम्ही एकीलाही बुडू देत नाही. तिथं बाकीचे सगळे बुडतात, आणि जे तरंगले त्यांना सगळा डोह मोकळा मिळतो."

हे ऐकून जगदेवीच्या अंगावर काटा आला, तो तापाचा नव्हता. गुडघ्यावरची खपली काढत काठावर बसलेली वैष्णवी तिला समोर दिसली. तिनं वर्षाराणीचा हात धरला. "आप्पांना फोन लाव. म्हनावं, पोरींना पाण्यात उतरू देऊ नगा."

मन्मथप्पा तेव्हा कपडे आणायला गावी गेला होता. त्यानं देवळापाशी जाऊन सांगितलं. बाया हसल्या नाहीत, पण ऐकलंही नाही. पायाला पत्रा लागला, त्यात गंगेचा काय दोष, असं बायनाबाई म्हणाली आणि पाण्यात उतरली.

नवं औषध सुरू झालं. त्या दुपारी जगदेवीला स्वप्न पडलं की ती उलटं पोहतेय, वरच्या अंगाला, ज्या दिशेनं गंगा येते तिकडं. दम लागत नव्हता. धरणाची भिंत तिच्यापुढं पडद्यासारखी बाजूला झाली. पुढं घाट आले, गावं आली, शहरं आली. किती तरी नळ नदीत तोंड घालून पीत असल्यासारखे बसले होते, पण ते पीत नव्हते, ओकत होते. एका दवाखान्याची मागची भिंत पाण्यात उतरली होती. कोंबड्यांची लांबच लांब शेडं होती आणि त्यांतून उजेड बाहेर सांडत होता. सगळीकडून पांढऱ्या गोळ्या पाण्यात पडत होत्या, कण्हेरीच्या फुलांसारख्या फिरत फिरत खाली जात होत्या. कुणाचा राग यावा असं काही त्या स्वप्नात नव्हतं. घाटावरची माणसं साधी होती, आपापलं धुणं धूत होती, ओळख असल्यासारखी तिच्याकडं बघत होती. एका बाईनं विचारलं, "कुठून आलात?" जगदेवी म्हणाली, "खालून. तुमच्या पाण्याच्या खालून." बाईला ते कळलं की नाही, कोण जाणे.

जाग आली तेव्हा उशी ओली होती. ताप उतरला होता. या खेपेला तो पुन्हा चढला नाही.

डॉक्टर राजनंदिनींच्या ओळखीचे एक प्राध्यापक होते, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे. त्यांनी डोहाचं पाणी तपासायला निर्जंतुक बाटल्या दिल्या आणि वर्षाराणी त्या घेऊन एसटीनं गेवराईला, तिथून गावी गेली. हातात रबरी मोजे, पायात गमबूट घालून ती डोहाच्या कडेला उतरली. परत आली तेव्हा बाटल्यांचा डबा बर्फात होता आणि ती स्वतः जरा वेगळी दिसत होती.

"आई, मी तुझा डोह आज पहिल्यांदा नीट बघितला."

"कसा वाटला?"

"पाण्याच्या आत ऊन दिसतं. एवढे दिवस मला वाटायचं, तू थापा मारतेस."

पुढच्या आठवड्यात प्राध्यापकांचा फोन आला. डोहाच्या पाण्यात तसलेच जंतू सापडले होते, त्याच औषधांना न जुमानणारे. डॉक्टरांनी मायलेकींना ते सांगितलं आणि हेही सांगितलं की तुमच्या पायात आले ते त्या डोहातूनच, असं छातीठोक म्हणता येणार नाही, दवाखान्यांतही असे जंतू असतात. "पण अंगावर जखम असताना त्या पाण्यात कुणी उतरू नये, एवढं मी नक्की म्हणेन. आणि ते पिऊ तर नयेच."

जगदेवी काठी टेकत घरी आली तेव्हा वैशाख संपत आला होता. एक पोटरी दुसरीच्या निम्मी झाली होती. तिला बरं वाटावं म्हणून मन्मथप्पानं पहाटेच उठून गंगेचा तांब्या भरून आणला होता. इतकी वर्षं ती रोज तो स्वतः आणायची. डाव्या तळहातावर लिंग ठेवून त्याच पाण्यानं त्याला अंघोळ घालायची आणि उरलेलं तीर्थ म्हणून घोटभर घ्यायची. आज तांब्या पुढं बघून ती थांबली. मग उठली, पाणी पातेल्यात ओतलं आणि गॅसवर ठेवलं.

मन्मथप्पा दारात उभा राहून बघत होता. "अगं, गंगा उकळायली व्हय तू?"

"व्हय."

"देवाला चालंल का?"

"देवाला समदं चालतं. माज्या पोटाला चालाया पायजे."

पाणी खळखळून उकळलं, मग निवायला ठेवलं. दोघं नवराबायको गॅसपाशी बसून ते निवायची वाट बघत राहिले. वाफेला नदीचा वास होता, पहाटेच्या घाटासारखा. पूजेला त्या दिवशी उशीर झाला.

दुसऱ्या सकाळी ती देवळाखाली गेली. पोरी पाण्यातच होत्या. अक्का दिसली म्हणून सगळ्या काठाला आल्या. जगदेवीनं पायाची पट्टी सोडली आणि पाय दाखवला. वैष्णवीनं आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. मग जगदेवीनं डॉक्टरांनी सांगितलं होतं ते आपल्या शब्दांत सांगितलं. ज्याच्या अंगावर जखम, खरूज, खपली आहे त्यानं उतरायचं नाही, तोंडात पाणी घ्यायचं नाही, आणि डोहातला वर्ग बंद.

बायनाबाई पाण्यात उभी राहून ऐकत होती. तिचे केस सुटले होते आणि पाण्यावर पसरले होते.

"मी तुला ह्या पाण्यात आणलं," ती म्हणाली. "टँकरच्या गावची पोर तू. गंगेनं तुला अंगाखांद्यावर घेतलं. आन आता तू काठाला उभी राहून तिला नावं ठेवाय लागली."

"नावं न्हाई ठेवत, बायनाबाई. माय आजारी पडली तर आजारी म्हनायचं न्हाई का?"

"गंगा आजारी पडत नसती."

"मला बी तसंच वाटायचं."

बायनाबाई पाठ फिरवून खोल पाण्याकडं गेली आणि एकाच बुडीत दिसेनाशी झाली. ती बऱ्याच लांब वर आली. तिला काही झालं नाही, पुढंही नाही. ती रोज जात राहिली आणि जगदेवीच्या दारावरून जाताना नजर समोर ठेवून जात राहिली. त्याचं दुःख जगदेवीला पायापेक्षा जास्त झालं.

पोरींना पाण्याविना ठेवून चालणार नव्हतं. वाळूचे खड्डे तसेच होते, आणि आता गावात घरोघरी शेततळी झाली होती. त्यांच्या उतारावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय निसटला की वर येता येत नाही. जगदेवी माजी सरपंच तानाजीकडं गेली. त्याचं शेततळं मोठं होतं, विहिरीच्या पाण्यानं भरलेलं, भोवती तारेचं कुंपण.

"अक्का, शेततळं हाय ते," तानाजी म्हणाला. "एखादी पोर बुडली तर माज्या गळ्याशी यील."

"तुमच्या घरातल्या किती जणांना पवता येतं?"

तानाजीची सून संगीता ओट्यावर शेंगा फोडत होती, तिचा हात थांबला. तिचं लेकरू अंगणात खेळत होतं आणि अंगणापासून तळं हाकेवर होतं. दोन दिवसांनी जगदेवी तिकडून गेली तेव्हा तळ्याच्या चारी बाजूंना दोर सोडले होते आणि दोरांना ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा बांधल्या होत्या. पहिल्या दिवशी पाण्यात उतरणाऱ्यांत संगीताही होती, सलवार-कमीज घालून, दोन्ही हातांनी दोर धरून. पोरींनी कुरकुर केली. इथं पाणी पळत नाही, मासे पायाला चावत नाहीत, तळ काळा आहे. जगदेवीलाही ते पाणी मुकं वाटलं. पोहताना ती आता डावीकडं ओढली जायची, बारीक झालेला पाय जोर देत नसे. तरी तिनं सगळ्यांचे गुडघे, कोपरं तपासली आणि जखमवाल्या दोघींना काठावर बसवलं. तळ्याचं पाणी म्हणजे अमृत नव्हे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ज्येष्ठात डॉक्टर राजनंदिनींचा फोन आला. खालच्या अंगाच्या एका गावातला माणूस तसलीच जखम घेऊन आला होता. नदीत बैल धूत असताना लागलेलं. औषध वेळेवर लागू पडलं होतं, पाय वाचेल असं वाटत होतं. "मावशी, त्या गावात मी गेले तर डॉक्टरीणबाई आल्या म्हणून मान हलवतील आणि विसरतील. तुम्ही जाल का? वर्षाराणीलाही घेऊन जा. तिला सगळं समजलंय."

मायलेकी एसटीनं निघाल्या. गाडीत गर्दी नव्हती. रस्ता नदीच्या कडेकडेनं जात होता, मधेच उसाच्या फडांआड जात होता, आणि नदी दिसली की दर वेळी वेगळीच दिसत होती, एकदा पत्र्यासारखी, एकदा दुधासारखी, एकदा नुसताच उजेड. खिडकीतून वारा येत होता. जगदेवीचा डोळा लागला. वर्षाराणीनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि बाहेर बघत राहिली.

गावच्या पारावर दहा-पंधरा बाया जमल्या होत्या. कुणी बसायला पोतं टाकलं, कुणी पाण्याचा तांब्या आणला. जगदेवीनं तांब्या हातात घेतला आणि विचारलं, "हिरीचं का गंगेचं?"

"गंगेचं," आणणारी म्हणाली. "गाळून घेतलंय."

जगदेवीनं तांब्या अदबीनं खाली ठेवला. "आधी हे चुलीवर ठिवून या. मग सांगते."

ती बाई गोंधळली, पण गेली. बाकीच्या बसून राहिल्या. कुणाला हसू आलं, कुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या. लांबून लाकडं मोडल्याचा आवाज आला, मग धूर दिसला. त्यांच्यातली एक नवी सून, डोक्यावरचा पदर सावरत, हळूच पुढं सरकली आणि काठीकडं बघून म्हणाली, "अक्का, तुमी पवायला शिकवता म्हनं. आमच्या रानात बी शेततळं हाय."

"खोल किती?" जगदेवीनं विचारलं.

"ठावं न्हाई. मला भीती वाटती तिकडं जायची."

"चल, बघून येऊ. पाणी उकळस्तोवर."

आणि ती काठीवर जोर देऊन उठली. मागोमाग वर्षाराणी उठली, मग एकेक करत पारावरच्या बायाही उठल्या, आणि सगळ्या मिळून उन्हातनं, बांधाबांधानं त्या तळ्याकडं चालू लागल्या.